अण्णा आत, स्प्रिंग बाहेर

मोटारीची स्प्रिंग मोटारीखाली असते तोवर फार सज्जन असते. अख्खं घर तिच्यावर बसतं, सामान बसतं, आणि ती चकार शब्द काढत नाही. पण तीच स्प्रिंग बाहेर काढून, दाबून, आवळून घरात आणली की तिच्या मनात काय काय साठलंय ते कळायला लागतं. मी हे कुठे वाचून सांगत नाही. एका रविवारी सव्वाअकरापासून पावणेतीनपर्यंत मी एका स्प्रिंगच्या सहवासात घालवले आहेत, आणि तिच्या पलीकडे, बाथरूमच्या बंद दाराआड, टॉवेल गुंडाळलेले माझे सासरे होते.

सुरुवात सासऱ्यांच्या "असो"पासून झाली.

आमचे सासरे, म्हणजे अण्णा, निवृत्त शिक्षक. गणित आणि विज्ञान. त्यांनी चौतीस वर्षं मुलांना बाकावर उभं केलं, त्यामुळे ते खोलीत आले की मी आधी उभा राहतो आणि मग माझं काय चुकलं ते आठवायला लागतो. अण्णा रागावत मात्र कधीच नाहीत. ते वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि "असो" म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी भिंतीत खिळा ठोकायला गेलो आणि ताटाएवढा पोपडा खाली आला. अण्णा म्हणाले, "आम्ही खिळा मारताना आधी... असो." मी नळ दुरुस्त केला आणि तो उघडल्यावर बंद आणि बंद केल्यावर उघडा राहायला लागला. अण्णा म्हणाले, "वॉशर बसवण्याची एक पद्धत असते. असो." माणूस शिव्या पचवू शकतो. असो पचत नाही. अकरा वर्षांचे असो माझ्या पोटात तसेच पडून आहेत.

गाडीही मूळची अण्णांचीच. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी चालवणं सोडलं आणि ती आम्हाला दिली. वय वर्षं अठरा. गेले काही महिने ती डाव्या अंगाला झुकून चालायची, कंबर धरलेल्या माणसासारखी, आणि गतिरोधक आला की खालून भांड्यांची फळी कोसळल्यासारखा आवाज व्हायचा. यंदा अण्णा आठवडाभर राहायला आले होते. शुक्रवारी त्यांना आणि बायकोला घेऊन निघालो. गतिरोधक आला, फळी कोसळली. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं.

"पुढच्या दोन्ही स्प्रिंगा तुटल्यात," ते म्हणाले. "गॅरेजला न्याल?"

"हो, नेऊ की."

"आम्ही असल्या कामाला गॅरेजात जात नव्हतो. घरीच, स्वतःच्या हाताने..." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "असो."

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "अण्णा काय काय करायचे! रविवारी तेव्हाची अख्खी गाडी उघडून बसायचे. मी खेळून आले की हात कोपरापर्यंत काळे."

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी तुटलं. गाडीच्या दोन आणि माझी एक, अशा तीन स्प्रिंगा झाल्या. मी म्हणालो, "ह्या रविवारी मीच बदलतो. घरीच. स्वतःच्या हाताने."

अण्णा सोमवारी सकाळी परत जाणार होते. म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत हे व्हायला हवं तर रविवारच एक होता.

शनिवारी मी वस्तादांकडे गेलो. आमच्या मागच्या गल्लीत गॅरेज आहे, ते चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या. त्यांना सगळे वस्ताद म्हणतात, त्यांची आईसुद्धा. बोलतात फार कमी. गाडी आली की बॉनेटवर हात ठेवतात, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा, आणि थोडा वेळ नुसत्या ऐकतात. बुधवारपर्यंत त्यांना सवड नव्हती आणि माझ्या कपाळावर लिहिलेला निर्धार त्यांनी वाचला असावा. त्यांनी दोन नव्या स्प्रिंगा काढल्या आणि शिकंज्यांची एक जोडी हातात ठेवली. शिकंजा म्हणजे एक लांब आटेदार दांडा आणि त्याला दोन मजबूत आकडे. स्प्रिंगच्या दोन बाजूंना दोन शिकंजे अडकवायचे, पान्याने दांडे फिरवायचे, की आकडे जवळ येतात आणि स्प्रिंग दाबली जाते. दाबल्याशिवाय ती जागेवर बसत नाही.

"एक चक्कर ह्या बाजूला, एक त्या बाजूला," वस्ताद म्हणाल्या. "मोजून. मध्ये उठायचं नाही. बेल वाजली तरी उठायचं नाही."

"बरं."

"आणि तिच्या तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही. मीसुद्धा राहत नाही."

मी हसलो. वस्ताद हसल्या नाहीत.

रविवारी सकाळी आठला मी खाली गेलो आणि जॅक लावतोय तोच सोसायटीचे सेक्रेटरी प्रकट झाले. आमचे सेक्रेटरी नियमावली तोंडपाठ असलेले गृहस्थ आहेत. ती त्यांनीच लिहिली आहे.

"नियम चौदा," ते म्हणाले. "पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला सक्त मनाई."

"पंक्चर आहे हो," मी म्हणालो. हे खोटं होतं, पण पोटतिडकीने बोललो.

"पंक्चरला चालतं. पोटनियम ब. पाऊण तास. पण चाकाखेरीज दुसऱ्या कुठल्याही भागाला हात लागता कामा नये."

हा माणूस पहारा देत असताना चाकाआडून स्प्रिंग काढायची म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळणार नाही. तरी त्यांना पाण्याच्या टाकीकडे कोणीतरी हाक मारली आणि तेवढ्यात मी डाव्या बाजूचा शॉकअब्सॉर्बर तुटक्या स्प्रिंगसकट सोडवला, चादरीत गुंडाळला आणि तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून जिन्याने वर आणला. गाडी खाली विटांवर, एका पायाने लंगडी.

घरात बायको वाट अडवून उभी होती. "सोफ्यावर नाही. स्वयंपाकघरात नाही. बाल्कनीत कपडे वाळतायत."

"मग कुठे?"

"पॅसेजमध्ये कर. आणि खाली गोणपाट घाल."

आमचा पॅसेज तीन फूट रुंद. एका टोकाला हॉल, मध्ये बेडरूम, दुसऱ्या टोकाला बाथरूम. आत वॉशिंग मशिन ठेवल्यापासून बाथरूमचं दार आत उघडत नाही म्हणून आम्ही ते सुताराकडून उलटं करून घेतलंय. ते बाहेर, पॅसेजमध्ये उघडतं. ही साधी गोष्ट आहे. घरातल्या लहान मुलालाही माहीत असेल. ती माझ्या ध्यानात राहिली नाही, एवढंच.

तुटकी स्प्रिंग गुमान निघाली. तिच्यात जीवच राहिला नव्हता. त्या यशाने मला जरा चढली. नवी स्प्रिंग गोणपाटावर आडवी केली, दोन बाजूंना दोन शिकंजे अडकवले, आणि मोजायला लागलो. डावीकडे एक. उजवीकडे...

बेल वाजली.

मी उठलो नाही. परत वाजली. बायको बाल्कनीतून ओरडली, "अहो, दार!" आणि मी उठलो. अकरा वर्षांच्या सवयी शिकंज्यापेक्षा घट्ट असतात.

दारात समोरच्या फ्लॅटमधले काका. ह्यांना बिल्डिंगमध्ये सगळे सल्लागार म्हणतात, तोंडावर काका. काकांनी आयुष्यात गाडी घेतली नाही, त्यामुळे गाडीविषयी त्यांचं मत कधी बिघडलं नाही.

"स्प्रिंग बदलताय म्हणे?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"जिन्यात चादरीतून काळं तेल गळलंय. ऐका, दाबत बसू नका. फ्रीजमध्ये ठेवा दोन तास. थंडीने आक्रसते."

"काका, ती लोखंडाची आहे."

"लोखंडच आक्रसतं! आमच्या मेव्हण्याने..."

मेव्हण्याची गोष्ट पाच मिनिटं चालली. त्या पाच मिनिटांत माझ्या पाठीमागे काय घडलं ते मला फार उशिरा कळलं. अण्णा बेडरूममधून टॉवेल घेऊन निघाले, स्प्रिंग ओलांडली, बाथरूममध्ये गेले आणि कडी लावली. मी परत आलो तर पॅसेज होता तसाच रिकामा. उजवीकडची पाळी होती की डावीकडची, हे मेव्हण्याबरोबर वाहून गेलं होतं. म्हटलं डावीकडची असेल. पण स्प्रिंग गोणपाटावर घसरायला लागली, म्हणून तिचं एक टोक मी बाथरूमच्या दाराला टेकवलं. चांगला भक्कम टेकू. मग डावीकडे आवळलं. काका मागे उभे राहून "अजून, अजून" म्हणत होते. उजवीकडे वळायचं त्या आवाजात राहिलंच.

आठव्या चकरेला पाना अडला. आतून "कड्" असं झालं. आटे रुतून बसले. पुढे जाईना, मागे येईना. आणि माझ्या डोळ्यांदेखत स्प्रिंग सरळ राहायचं सोडून हळूहळू केळ्यासारखी वाकली.

तेवढ्यात दारापलीकडे कडी वाजली.

"जावईबापू," अण्णांचा आवाज आला, "दार जरा अडतंय. ढकलू का?"

मी किंचाळलो. मला खात्रीने सांगता येणार नाही, पण त्या किंकाळीत "अण्णा" आणि "नको" हे दोन्ही शब्द होते. बायको धावत आली. तिने स्प्रिंग पाहिली, दार पाहिलं, मला पाहिलं. ह्याच क्रमाने तिच्या चेहऱ्याचा रंग बदलत गेला.

"अण्णा आत आहेत?"

"असं दिसतंय."

"आणि हे काय आहे?"

"थोडं अडकलंय."

"अण्णांनी दार उघडलं तर काय होईल?"

उत्तर माझ्या वतीने स्प्रिंगने दिलं. ती "टिंग" असं बोलली. अगदी बारीक. काका एका ढांगेत आपल्या फ्लॅटमध्ये गेले आणि त्यांनी दार लावलं. मग दुसरं, जाळीचंही लावलं. त्यापुढचा सल्ला त्यांनी जाळीतून दिला.

मी वस्तादांना फोन लावला. आता बघा, ह्या ठिकाणी माणसाने सरळ सांगावं की बाई, मी गाढव आहे, धावत या आणि सगळी हत्यारं घेऊन या. पण अण्णा दारापलीकडे ऐकत होते. मी म्हणालो, "जरासं अडकलंय. सवड असेल तर एक नजर टाकून जाता का?"

"कितीसं?"

"जरासंच."

बायकोने माझ्या हातून फोन घेतला आणि अग्निशमन दलाला लावला. तिकडचा माणूस शांत होता.

"आग कुठे लागलीय?"

"आग नाही. स्प्रिंग आहे."

"धूर आहे?"

"नाही हो, माझे वडील बाथरूममध्ये अडकलेत आणि बाहेर स्प्रिंग..."

"वडिलांना धूर होतोय?"

"नाही!"

"मग ताई, काही झालं की लगेच कळवा." फोन बंद.

अण्णा आतून म्हणाले, "कोणालाही बोलवू नका. मी टॉवेलवर आहे."

हा मुद्दा तोवर आमच्या लक्षात आला नव्हता. कपडे बेडरूममध्ये. दाराखाली अर्ध्या इंचाची फट. बायको पॅसेजच्या भिंतीला पाठ घासत, श्वास धरत दारापर्यंत गेली आणि वडिलांचे कपडे एकेक करून खालून सरकवायला लागली. बनियन गेलं. पँट गेली. शर्ट बटणांपाशी अडकला आणि आतून अण्णांनी, बाहेरून तिने हळूहळू ओढाताण करून तो नेला. मग तिने एक बिस्किट सरकवलं. ते अर्धं आत पोचलं.

"तुटलं का गं?" अण्णांनी विचारलं, आणि आम्हा दोघांचंही काळीज थांबलं.

"बिस्किट, अण्णा. बिस्किट."

साडेबारा झाले. वस्तादांचा पत्ता नाही. इतक्यात फोन आला. "गेटवर उभी आहे. आत सोडत नाहीत."

मी हॉलच्या खिडकीतून खाली ओरडणार होतो, पण त्याची गरज पडली नाही. सेक्रेटरी जिन्यातल्या तेलाचा माग काढत आमच्या दारातच येऊन उभे होते, हातात नियमावली.

"रविवारी बाहेरच्या कारागिराला प्रवेश नाही," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीस तास आधी लेखी अर्ज. शिवाय हे पंक्चर नव्हतं."

"अहो, माणूस अडकलाय आत!"

"त्याची मला सहानुभूती आहे." ते आमच्या सोफ्यावर, दुसऱ्या नव्या स्प्रिंगशेजारी बसले. ती मोकळी होती म्हणून बसले. "अर्ज आज केलात तर मंगळवारी साडेबाराला त्या आत येऊ शकतात."

बायको त्यांच्याशी भांडायला लागली. मी तिला हात जोडून आवाज कमी करायला सांगत होतो, कारण तिच्या प्रत्येक वरच्या स्वराला पॅसेजमधून "टिंग" ऐकू येत होतं. आणि ह्या गोंधळात दारापलीकडून वर्गातला आवाज आला.

"शांत बसा सगळे."

सगळे बसले. बायकोही. मी उभाच राहिलो.

"जावईबापू, स्प्रिंगच्या खोक्यावर आकडे असतील. वाचा."

मी वाचले.

"आता मोकळी स्प्रिंग किती लांब आहे आणि ही किती आहे ते मोजा. जवळ न जाता."

बायकोची शिवणाची टेप घेऊन मी सोफ्यावरची मोजली आणि पॅसेजमधली लांबून डोळ्यांनी मापली. पंधरा सेंटिमीटरचा फरक. वजन तीन किलो. आत आरशावर बोट घासल्याचा आवाज येत राहिला. अण्णा वाफेवर गणित मांडत होते. सेक्रेटरीसुद्धा नियमावली मिटून ऐकायला लागले.

"ही सुटली," अण्णा म्हणाले, "तर साधारण साडेनऊ मीटर उंच जाईल."

"म्हणजे किती?" बायकोने विचारलं.

"तीन मजले. अर्थात मध्ये छत आहे. पण आपली छतं..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. "आता सांगा, ती वाकलीय ना? फुगवटा कुठल्या बाजूला आहे?"

मी वाकून पाहिलं. "वरच्या बाजूला."

"मग ती सरळ दाराकडे येणार नाही. वर जाईल. वरच्या मजल्यावर ह्या पॅसेजच्या डोक्यावर काय आहे?"

सेक्रेटरी म्हणाले, "माझं देवघ..." त्यांनी घसा साफ केला. "माझी बायको. ह्या वेळी ती तिथे बसून भाजी निवडते."

ते उठले. नियमावलीतलं मागचं एक पान उघडलं आणि उभ्यानेच वाचलं. "तातडीच्या प्रसंगी सेक्रेटरीला स्वतःच्या अधिकारात परवानगी देता येते. पोटनियम फ." आणि पोटनियम फ संपायच्या आत ते जिन्यात होते. वरून "ऊठ! ऊठ आधी!" एवढं ऐकू आलं, आणि खुर्च्या ओढल्याचा आवाज.

बायकोने गेटवर फोन करून पोटनियम फ कळवला आणि वस्ताद आल्या. पॅसेजच्या तोंडाशी थांबल्या. नुसत्या ऐकत राहिल्या. मग मला विचारलं, "किती चकरा दिल्या?"

"आठ."

"दोन्हीकडे?"

"डावीकडे आठ."

"आणि उजवीकडे?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. "नक्की आठवत नाही. बहुतेक एकही नाही."

वस्तादांनी मान हलवली. "बेल वाजली होती?"

काही अपराध कबूल करावे लागत नाहीत, चेहऱ्यावर छापून येतात.

"ही जोडी गेली," त्या म्हणाल्या. "दुसरी जोडी लावून वजन तिच्यावर घ्यायचं, मग ही सोडायची. पण दुसरी जोडी गॅरेजात आहे. फोनवर तुम्ही म्हणालात, जरासं." त्या जरासंवर त्या एक क्षण थांबल्या. "शोधून अर्ध्या तासात येते. तोवर गादी आणा, हिच्यावर घाला, आणि कोणीतरी गादीवर भार देऊन पडून राहा. ही गोल फिरली तर संपलं."

"मी पडते," बायको म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं "नाही" होतं ज्याला तिने विरोध केला नाही.

"तोंड भिंतीकडे," वस्ताद म्हणाल्या. "हलायचं नाही. शिंकायचं नाही."

वस्ताद गेल्या. बायकोला मी खाली पाठवलं, की गेटवर परत नियम निघाला तर तिने तो मोडावा. त्या बाबतीत तिच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. घरात मी राहिलो, गादीवर पालथा. खाली स्प्रिंग. गादी जुन्या कापसाची. शिंकायचं नाही म्हटल्यावर ज्याला शिंक येत नाही असा माणूस मला दाखवा. मी नाक भिंतीत दाबून धरलं. गादीतून स्प्रिंगची बारीक थरथर पोटाला जाणवत होती, पाळलेल्या पण न माणसाळलेल्या जनावरासारखी.

"जावईबापू." दारापलीकडे अण्णा. आवाज अगदी जवळ, म्हणजे ते दाराला कान लावून बसले असावेत.

"बोला. हळू."

"बाकीचे आहेत?"

"कोणी नाही."

नळाचा एक थेंब पडला. मग अण्णा म्हणाले, "मी स्प्रिंग कधी बदललेली नाही."

"ह्या गाडीची?"

"कुठल्याच. मी पंक्चरसुद्धा काढलेलं नाही. जॅक कुठे लावतात ते मला आजही माहीत नाही."

माझी शिंक जागच्या जागी मेली. "पण ते रविवारी... अख्खी गाडी उघडून... हात काळे..."

"मेकॅनिक यायचा. ती खेळून यायच्या आत काम उरकून जायचा. मी त्याच्याकडून थोडं काळं ग्रीस मागून घ्यायचो आणि हाताला लावून बसायचो." अण्णा थांबले. "पहिल्यांदा चुकून लागलं होतं. ती दारातूनच ओरडली, 'अण्णांनी गाडी दुरुस्त केली!' आता तिला काय सांगणार? सहा वर्षांची होती. मग दर वेळी लावावं लागलं."

"आणि नळ?"

"प्लंबर."

"आणि खिळा? आम्ही खिळा मारताना आधी..."

"खिळा मी मारलाय," अण्णा जरा ताठ आवाजात म्हणाले. "एकदा." मग खालच्या आवाजात, "तुमच्यापेक्षा मोठा पोपडा पडला होता."

माझ्या पोटातून हसू निघालं. अकरा वर्षांचे सगळे असो एकदम वर आले. मी ओठ चावले, मूठ तोंडात घातली, पण पोट ऐकेना, आणि पोटाखाली गादी, गादीखाली स्प्रिंग.

"हसू नका," अण्णा घाईने म्हणाले.

"नाही हसत."

"ती वाजतेय."

खरंच वाजत होती. टिंग. टिंग. आणि दारापलीकडेही काहीतरी हुंदक्यासारखं, दाबून धरलेलं ऐकू यायला लागलं. सत्तरीचा गणिताचा शिक्षक तोंडात टॉवेल कोंबून हसत होता. एका दाराच्या दोन बाजूंना आम्ही दोघं डोळ्यांत पाणी आणून न हसण्याचा प्रयत्न करत होतो, आणि मध्ये तीन मजल्यांची ताकद. जिवावर बेतलेलं असताना हसू आवरणं ह्याहून अवघड काम मी केलेलं नाही.

"तिला सांगू नका," शेवटी अण्णा म्हणाले.

"नाही सांगणार."

वस्ताद आल्या त्या मला उठवायच्याही आधी खाली बसल्या. गादीची एक कड वर करून त्यांनी दुसरी जोडी अशी अडकवली की माझ्या पोटाला कळलंही नाही. मग पाना. एक चक्कर ह्या बाजूला. एक त्या बाजूला. त्या तोंडाने मोजत नव्हत्या, पण त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढे सरकत होता. बायको हॉलच्या दारात तोंडावर हात धरून. वरच्या मजल्यावर शांतता. इतकी की सेक्रेटरी कुटुंबासह गच्चीवर गेले असावेत.

"उठा. आता जुनी सोडते," वस्ताद म्हणाल्या. "सगळे डोकं खाली."

पाना फिरला. अडकलेला दांडा क्षणभर तसाच राहिला आणि मग "ठाण्ण" असा आवाज झाला की भिंतीवरचं घड्याळ थांबलं. दांडा मधोमध तुटून एक तुकडा बाथरूमच्या दारात घुसला होता. कमरेच्या उंचीवर. आरपार.

स्प्रिंग जागच्या जागी होती. नव्या जोडीत निमूट.

"अण्णा?" बायकोने हाक मारली.

उत्तर नाही.

"अण्णा!"

"मी आहे," फार लांबून आल्यासारखा आवाज आला. "मी वॉशिंग मशिनच्या मागे आहे. सुटली का?"

"नाही," वस्ताद म्हणाल्या. "वाचली."

चार मिनिटांत त्यांनी ती सैल केली. एक चक्कर इकडे, एक तिकडे, आणि स्प्रिंग सरळ झाली, लांब झाली, आणि शेवटी गोणपाटावर एक साधी लोखंडाची वेटोळी वस्तू पडून राहिली. मी दार ओढलं. अण्णा बाहेर आले. कपडे दाराखालून आल्याने अंगावर आडव्या घड्या, हातात अर्धं बिस्किट. बायकोने त्यांना मिठी मारली, मग माझ्याकडे वळली. मिठीसाठी नव्हे.

"बस झालं. आता स्प्रिंगा वस्ताद बसवतील, बुधवारी, गॅरेजात. अण्णा, तुम्हीच सांगा ह्यांना. तुम्ही इतक्या वेळा केलंय हे काम. प्रत्येकाला जमतं का?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. जाळीतून काकांनीही. सेक्रेटरी जिन्याच्या वळणावरून डोकावत होते. अण्णांनी दारात घुसलेला दांडा बोटाने चाचपून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी आता असोची वाट पाहत होतो, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटत नव्हती.

"एक तरी जावईबापूच बसवतील," अण्णा म्हणाले. "आत्ता. इथेच. वस्ताद शेजारी बसून मोजतील."

"अण्णा!"

"मी केलंय म्हणूनच सांगतो. पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होतं."

बायको बाजूला झाली. वस्तादांनी अण्णांच्या हातांकडे पाहिलं, त्या मऊ, गोऱ्या, खडू धरलेल्या हातांकडे. सोफ्यावरची स्प्रिंग त्यांनी माझ्या हातात दिली. मी गोणपाट सरळ केलं. खाली बसलो. शिकंजे अडकवले. ह्या वेळी टोक बाथरूमच्या दाराला नव्हतं टेकवलं. माझे हात काळे होते, आणि ते काळं माझं स्वतःचं होतं.

अण्णांनी सकाळचं वर्तमानपत्र घेतलं, चष्मा घेतला, एक स्टूल उचललं आणि वळून बाथरूममध्ये गेले.

"अण्णा, आत कशाला?" बायको म्हणाली. "हॉलमध्ये बसा ना."

"नको. इथे मला आता बरं वाटतं." दार बंद झालं. "करा सुरू, जावईबापू," आतून भारदस्त आवाज आला. "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

मग वरची कडी लागली. मग खालची. आणि मग, जमिनीवरून काहीतरी फार जड ओढत दाराशी आणल्याचा आवाज आला. वॉशिंग मशिन.